काच नावाचा दोष

तारकर्लीच्या वाळूवर सकाळी ओहोटीच्या वेळी चालायला निघालं की दहा-बारा पावलांवर काहीतरी चमकतं. नाणं पडलंय असं वाटून माणूस वाकतो आणि हाताला लागतो शिंपला. पोट वर करून पडलेला, ओला, आतल्या गुळगुळीत अस्तरावर कोवळं ऊन झेलणारा. पर्यटक ओशाळं हसतो, शिंपला पोराच्या हातात देतो आणि पुढे जातो. घडलं ते एवढंच. पण एवढ्यावर आपल्याकडच्या दार्शनिकांनी हजारभर वर्षं वाद घातला. शिंपल्याच्या जागी दिसलेली चांदी नेमकी आली कुठून? प्रभाकराचे मीमांसक म्हणत, चूक अशी झालीच नाही. समोरचं ‘हे’ खरंच दिसलं, चांदी आठवली आणि या दोहोंतला फरक तेवढा ध्यानात आला नाही. नैयायिक म्हणत, एक वस्तू दुसरीच म्हणून दिसली, उगाच शब्द फिरवू नका. अद्वैती म्हणत, ती चांदी खरी म्हणता येत नाही आणि साफ खोटीही म्हणता येत नाही. भांडण रंगतदार आहे, आणि त्यातलं बरंचसं समुद्रापासून कोसो दूर मिथिलेत-काशीत बसून घातलं गेलं हे आणखी गमतीचं. इथे मात्र त्यातली एकच गोष्ट हवी आहे. कुणाचाही पक्ष घ्या, गोष्टीतला माणूस शेवटी वाकतो. वाकल्याशिवाय शिंपला काही शिंपला ठरत नाही.

आता त्याच किनाऱ्यामागे सुरूच्या सावलीत लागलेल्या गाड्या पाहा. एमएच १२, एमएच ०९, केए २२; पुणं, कोल्हापूर, बेळगाव. त्यातल्या नव्या गाड्यांच्या समोरच्या काचेला आतल्या बाजूनं, आरशाच्या मागे, एक काळा डबा चिकटलेला असतो. त्यात कॅमेरा. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, पुढच्या गाडीची पाठ, मध्येच येणारा माणूस हे सगळं तो पाहतो. अंतर कमी होतंय असं वाटलं तर आधी ओरडतो आणि चालकानं दाद दिली नाही तर स्वतः ब्रेक लावतो. गाडी पट्ट्यावरून सरकू लागली तर स्टिअरिंगला हलकेच टोचणी देतो. भारतात २०२० साली एमजी ग्लॉस्टर अशी मदत घेऊन आली, २०२१ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही७०० आली, २०२४ मध्ये थार रॉक्सच्या वरच्या मॉडेलांतही ती बसली. आता गॅरेजपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळे तिला ‘एडास’ म्हणतात.

या डोळ्याला वाकता येत नाही. त्याला जे दिसतं त्यावर तो कारवाई करतो, आणि स्वतः तिरका झाला असेल तर ते त्याला सहसा कळत नाही. तिरक्या कॅमेऱ्याला जग तिरकं दिसत नाही; त्याला सरळच, फक्त चुकीच्या जागी असलेलं जग दिसतं.

कॅमेरा तिरका होण्याचे दोन सरधोपट मार्ग आहेत. पहिला कोकणात यायच्या वाटेवरच भेटतो. फोंडा घाट उतरताना पुढे चिऱ्यांनी भरलेला डंपर असतो, त्याच्या चाकाखालून खडा उडतो, काचेवर टिचकी वाजते. संध्याकाळपर्यंत त्या टिचकीतून फाटा फुटून तो आरशापर्यंत चढलेला असतो. काच बदलावी लागते. नवी काच जुनीसारखीच दिसते, पण कॅमेऱ्याचा ब्रॅकेट काचेलाच चिकटवलेला असतो. तो केसभर इकडेतिकडे, काचेखालचा गोंदाचा थर एका बाजूला जरा जाड, किंवा काचेच्या त्या भागाची जाडी किंचित वेगळी, एवढं पुरतं. दुसरा मार्ग हौसेचा. थार घेतली की ती उंच करायची, स्प्रिंगखाली स्पेसर घालायचे किंवा अख्खं लिफ्ट किट बसवायचं, मोठे टायर चढवायचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलांत असे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते बजावलं. तरी वाळूच्या कडेला उंच उभ्या गाड्या दिसतातच. कायद्याची बाजू इथेच सोडू. कॅमेऱ्याची बाजू जास्त अवघड आहे.

एकच कॅमेरा अंतर कसं मोजतो? जेरुसलेममध्ये १९९९ साली अम्नोन शाशुआ यांनी सुरू केलेल्या मोबिलआयनं ज्या युक्तीवर मोठा धंदा उभारला ती भूमितीच्या दहावीच्या पुस्तकात बसेल एवढी साधी आहे. पुढच्या गाडीचं चाक रस्त्याला जिथे टेकतं तो बिंदू पाहायचा. तो क्षितिजाच्या जितका खाली तितकी गाडी जवळ. कॅमेरा जमिनीपासून किती उंच आहे हे ठाऊक असलं की कोनावरून अंतर निघतं. कॅमेरा १.२ मीटर उंचीवर असेल तर ४० मीटरवरचं चाक क्षितिजाच्या सुमारे १.७ अंश खाली दिसतं. पावणेदोन अंशसुद्धा नाही. हात लांब करून करंगळी डोळ्यांसमोर धरली तर ती साधारण एक अंश झाकते. म्हणजे पुढच्या गाडीत धडकायचं की नाही हा निर्णय दोन करंगळ्यांच्या आत होतो.

आता हिशेब करून पाहा. चारही बाजूंनी गाडी ५० मिलिमीटर सारखीच उचलली तर ४० मीटरच्या जागी कॅमेऱ्याला ३८.४ मीटर वाटतील. फार बिघडलं नाही. पण उचल सारखी क्वचितच असते. थार रॉक्सच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २,८५० मिलिमीटर अंतर आहे. पुढची बाजू मागच्यापेक्षा फक्त २५ मिलिमीटर जास्त उचलली गेली तर कॅमेरा अर्धा अंश वर पाहू लागतो आणि ४० मीटरवरची गाडी त्याला ३१ मीटरवर भासते. मग तो मोकळ्या रस्त्यात उगाच दचकतो. उलट मागची बाजू तेवढीच जास्त उचलली तर तीच गाडी ५६ मीटरवर वाटते आणि तो निवांत राहतो. दचकणाऱ्यापेक्षा हा निवांतपणा वाईट. कोन डावी-उजवीकडे एका अंशानं चुकला तर १०० मीटरवर पावणेदोन मीटरचा फरक पडतो. महामार्गावरची एक लेन साडेतीन मीटरची, म्हणजे बरोबर अर्धी लेन. प्रत्यक्षात या यंत्रणा रडारची साक्ष घेतात, गाड्यांच्या आकारावरूनही ताडतात, थोडीफार चूक आपली आपण सावरतात. पण सावरण्याला मर्यादा असते. म्हणूनच काच बदलल्यावर किंवा सस्पेन्शनला हात लावल्यावर कॅमेरा नव्यानं कॅलिब्रेट करा, असं बहुतेक कंपन्या सांगतात.

आपल्या शास्त्रकारांना यातलं काही नवं वाटलं नसतं. ज्ञान कशानं बिघडतं याच्या त्यांच्या याद्यांत एक जोडशब्द वारंवार येतो: काचकामलादी दोष. कामला म्हणजे कावीळ. कावीळ झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो हा त्यांचा लाडका दाखला. आणि काच? काच हे नेत्ररोगाचं नाव आहे. वाग्भटाच्या वैद्यकात तिमिर नावाचा विकार बळावला की त्याचा काच होतो आणि पुढे वाढला की लिंगनाश, म्हणजे दृष्टीच जाते. मोटारीची काच त्यांनी पाहिली नव्हती, पण दोषांच्या यादीत पहिलं नाव काचेचं आहे. याला योगायोग म्हणायचं, तरी असा योगायोग सोडवत नाही.

बौद्ध तार्किक धर्मकीर्ती तर आणखी जवळ येतो. सातव्या शतकाच्या आसपासच्या त्याच्या ‘न्यायबिंदू’त प्रत्यक्ष ज्ञान कशापासून मुक्त असावं हे सांगताना चार कारणं आली आहेत: तिमिर, वेगानं फिरवणं, नावेतून जाणं आणि संक्षोभ. नंतरच्या धर्मोत्तरानं त्यांची फोड केली. तिमिर हा इंद्रियातला दोष. जळतं कोलीत गरगर फिरवलं की आगीचं चक्र दिसतं, तो विषयातला. वात-पित्त-कफ खवळले की भलतंच दिसतं, तो देहाच्या आतला. आणि नावेत बसलं की काठावरची झाडं पळताना दिसतात, तो बाहेरच्या आसनातला. डोळा निरोगी, झाड जागच्या जागी, मन शांत. चूक फक्त ज्याच्यावर बसलोय त्याची. देवबागच्या संगमाकडे कर्लीच्या पात्रातून बोट निघाली की दोन्ही काठांचे माड मागे सरकू लागतात, ते हेच. लिफ्ट किट बसवलेली गाडी याच चौथ्या खान्यात पडते. कॅमेऱ्याला काही झालेलं नाही, रस्त्यालाही नाही. आसन बदललंय.

हे सगळं अंगावर घ्यायचं असेल तर मालवणला सोय आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आणि तारकर्लीच्या पाण्यात स्नॉर्केलिंग आणि स्कुबा करायला लोक रांगा लावतात. मास्क चढवून डोकं पाण्यात घातलं की समोरचा मासा असतो त्यापेक्षा साधारण एक तृतीयांश मोठा आणि एक चतुर्थांश जवळ दिसतो. पाण्यातून सपाट काचेमागच्या हवेत शिरताना प्रकाश वाकतो, त्याचा हा प्रताप. पहिल्यांदा उतरलेला माणूस मीटरभर दूरच्या वस्तूला पकडायला पाऊण मीटरवर हात मारतो. मुठीत पाणी. गाइड हे रोज बघतो, म्हणून तो हातानं खुणावतो: अजून पुढे, अजून पुढे. गंमत पुढची आहे. थोडा वेळ हात मारत राहिलं की हात आपोआप जास्त लांब जाऊ लागतो. काच तीच, पाणी तेच, मासा तेवढाच मोठा दिसतोय, पण माणूस दुरुस्त झालाय.

अमेरिकेत जॉर्ज स्ट्रॅटन यांनी याचं टोक गाठलं. १८९७ साली छापलेल्या प्रयोगात त्यांनी जग उलटं दाखवणारं भिंग एका डोळ्यावर बांधलं, दुसरा डोळा झाकून टाकला आणि आठ दिवस तसेच वावरले. सुरुवातीला चमचा तोंडापर्यंत नेताना पंचाईत. शेवटी शेवटी हालचाली जवळजवळ बिनचूक. पुढे १९६३ साली रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी मांजराच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं की नुसतं पाहून हे जमत नाही, स्वतः हालावं लागतं. एक पिल्लू चालायचं, दुसरं टोपलीत बसून त्याच्याबरोबर फिरवलं जायचं. दोघांना दिसायचं तेच, पण टोपलीतल्याला अंतराचा अंदाजच येईना. दृष्टी हाताला शिकवत नाही, हातच दृष्टीला शिकवतो, असं त्यावरून म्हणावंसं वाटतं.

इथे जुना वाद पुन्हा दारात येतो. ज्ञान खरं आहे हे कशावरून कळतं? कुमारिल भट्ट आणि सगळे मीमांसक म्हणतात: ते स्वतःच कळतं. ज्ञान झालं की ते खरं मानूनच आपण चालतो. खोटेपणा मात्र बाहेरून कळतो, आणि तोही दोनच वाटांनी: नंतरच्या ज्ञानानं आधीचं खोडून काढलं तर, किंवा ज्यातून ज्ञान झालं त्या साधनातच दोष आहे असं कळलं तर. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिकांना हे पटत नाही. ते म्हणतात, खरेपणाही बाहेरूनच कळतो. पाणी दिसलं, गेलो, प्यालो, तहान भागली. म्हणून ते ज्ञान खरं. वात्स्यायनाच्या भाष्यात याला प्रवृत्तिसामर्थ्य असं नाव आहे, सोप्या मराठीत ‘करून पाहिलं, जमलं’. हे परतःप्रामाण्य.

वाद सोडवायचा नसेल तर दोघांना कामं वाटून देता येतील. गाडी चालवणारा मीमांसकच असतो. त्याला गत्यंतर नाही. ताशी ८० च्या वेगात भोंगा वाजला की ‘याचं प्रामाण्य कशावरून’ असं विचारत बसायला वेळ नसतो, आणि तसं विचारणारा फार दिवस गाडी चालवत नाही. त्यानं विश्वास ठेवायचा, हाच त्याचा धर्म. पण त्याला असा निर्धास्त विश्वास परवडतो, कारण दुसऱ्या कुणीतरी तो ठेवलेला नाही. काच बसवणाऱ्याला नैयायिक व्हावंच लागतं. त्यानंही ‘दिवा पेटला नाही म्हणजे ठीक आहे’ असं म्हणत गाडी सोडली, तर रस्त्यावर दोन मीमांसक झाले आणि तपासणारा उरलाच नाही.

मात्र नैयायिकाच्या उत्तरात एक खड्डा आहे. पाणी पिऊन पाहण्यात फारसं जात नाही. ब्रेकचा प्रश्न तसा नाही. आणीबाणीचा ब्रेक खरा की खोटा हे ‘करून पाहायला’ आणीबाणी यावी लागते, आणि तेव्हा समोर बहुधा दुसऱ्याचंच मूल असतं. विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानं १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यातला जहाजमालक आठवतो. जहाज जुनं झालेलं, तपासून घ्यावं अशी शंका त्याच्या मनात येते. मग तो स्वतःला समजावतो: इतक्या फेऱ्या नीट झाल्या, इतकी वादळं पचवली, याही वेळी पोचेल. हळूहळू त्याचा मनापासून विश्वास बसतो. जहाज बुडतं. क्लिफर्डचं म्हणणं, तो प्रामाणिक होता हे खरं, पण तो विश्वास ठेवायचा त्याला अधिकारच नव्हता. आणि जहाज तरलं असतं तरी तो तितकाच दोषी. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसकडे निघालेल्या ‘रामदास’ बोटीत सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या दुर्घटनेची कारणं वेगळी असतील, पण आजोबांकडून ‘रामदास’ची गोष्ट ऐकलेल्या कोकणी माणसाला ‘आजवर पोचलीच की’ या वाक्याचं वजन वेगळं सांगावं लागत नाही.

क्लिफर्डचा मालक ज्याच्या आधारानं स्वतःची समजूत घालतो ते म्हणजे प्रवृत्तिसामर्थ्यच. झालेल्या फेऱ्या! मग न्यायशास्त्र त्याच्या बाजूनं उभं राहतं का? नाही, आणि इथे वाचस्पती मिश्रासारख्या मंडळींची बारीक नजर उपयोगी पडते. ते म्हणतात, प्रत्येक वेळी करून पाहायची गरज नाही. आताचं ज्ञान आधी पडताळलेल्या ज्ञानाच्या जातीचं असेल, तज्जातीय असेल, तर त्यावरूनच ते खरं धरता येतं. सगळं बळ ‘तज्जातीय’ या शब्दात आहे. काच तीच, स्प्रिंगा त्याच, तोवर कालचा अनुभव आजच्या उपयोगाचा. काच बदलली की जात मोडली. गेल्या दोन वर्षांत कॅमेऱ्यानं तीनदा वाचवलं, हे खरं असेल, पण ते दुसऱ्याच कॅमेऱ्याबद्दल आहे. आणि मीमांसकाच्या हिशेबातही सुटका नाही. साधनात दोष असल्याचं कळलं की विश्वास मागे घ्यायचा, हे त्याचंच म्हणणं. कुमारिल नुसत्या ‘असेल कदाचित’ला शंका मानत नाही हे खरं, पण काच बदलल्याचं बिल खिशात असताना ‘मला काय ठाऊक’ म्हणायची सोय उरत नाही.

मालवण तालुक्यात हा विचार पुस्तकाबाहेर, देवळात सापडतो. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला लाखोंची गर्दी होते, तरी जत्रेची तिथी पंचांगात छापलेली नसते. दरवर्षी देवीला कौल लावून ती ठरते. आचऱ्याची गावपळण त्याहून विलक्षण. काही वर्षांनी एकदा, रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव, गुराढोरांसह, तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर राहतं. चौथ्या दिवशी आपसूक परत यायचं नसतं. पुन्हा कौल लावायचा, देवानं दिला तर यायचं. बाहेर जाण्याचा कौल परत येण्याला चालत नाही. गेल्या वर्षीची जत्रा नीट झाली म्हणून या वर्षीची तिथी गृहीत धरत नाहीत. ज्यांचा देवावर एवढा विश्वास, तेच त्याला पुन्हा पुन्हा विचारतात, आणि विचारणं हा त्यांना अविश्वास वाटत नाही.

कौल आणि कॅलिब्रेशन एकच, असं मात्र कुणी म्हणू नये. कौल निर्णय देतो, मोजमाप देत नाही. मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडून पडली की डावीकडून, याचा अर्थ त्या गावाच्या त्या देवाशी असलेल्या नात्यात असतो. परक्या माणसानं येऊन पुन्हा लावून बघावा आणि तेच उत्तर मिळावं, अशी तिथे अपेक्षाच नाही. कॅमेऱ्याच्या बाबतीत नेमकी तीच अपेक्षा असते: मालक कुठलाही असो, मिस्त्री कुठलाही, उत्तर तेच यायला हवं. नवी गाडी देवळासमोर उभी करून गाऱ्हाणं घालावं, चाकाला नारळ फोडावा, जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणावं. त्यानं धीर येतो, गावाची गाडीशी ओळख होते. मग गॅरेजला जावं. एकानं दुसऱ्याची सुटी होत नाही.

(जाता जाता डॅशबोर्डवरच्या गणपतीबद्दल. चकचकीत मूर्तीचं, तिच्याखालच्या जरीच्या कापडाचं प्रतिबिंब दुपारच्या उन्हात समोरच्या काचेत आतून उमटतं. कॅमेऱ्याला ते रस्त्यावरच दिसतं. काचेजवळ चकाकणाऱ्या वस्तू ठेवू नका, असं काही कंपन्या पुस्तिकेत लिहितात ते यासाठी. कॅमेऱ्याला रस्त्यात देव दिसतो आणि तो ब्रेक लावू की नको या संभ्रमात पडतो. शिंपल्यातल्या चांदीवर ज्यांनी ग्रंथ लिहिले त्यांना हा दाखला मिळायला हवा होता.)

तर गॅरेज. कॅलिब्रेशनच्या दोन तऱ्हा आहेत. काही गाड्या रस्त्यावर नेऊन, ठरावीक वेगानं, ठळक पट्टे असलेल्या सरळ रस्त्यावर चालवल्या की कॅमेरा आपला आपण जमवून घेतो. दूरवर जिथे दोन्ही पट्टे मिळाल्यासारखे दिसतात तो बिंदू त्याला स्वतःच्या रोखाची कल्पना देतो. धर्मकीर्तीनं ज्या नौकायनाला भ्रमाचं कारण म्हटलं, तेच इथे भ्रमावरचं औषध. महामार्ग ६६ च्या नव्या चौपदरी तुकड्यांवर हे जमेल. तारकर्ली-देवबागच्या चिंचोळ्या रस्त्यावर, एका बाजूला माड आणि दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी अंगणाचा गडगा असताना, जमायचं नाही.

दुसरी तऱ्हा जागेवरची, आणि पाहण्यासारखी. गाडी सपाट फरशीवर उभी. आत माणूस नाही, डिकीत सामान नाही, टायरमध्ये कंपनीनं सांगितलेली हवा. मिस्त्री बॉनेटच्या मध्यावरच्या बोधचिन्हापाशी दोरी धरतो आणि ओळंबा खाली सोडतो. ओळंबा झुलतो, फिरतो, थांबायला वेळ घेतो. दारातून वारा येत असेल तर थांबतच नाही, मग शटर अर्धं ओढायचं. तो थांबला की खाली खडूची खूण. तसंच मागच्या बाजूला. दोन खुणांमधून ताणलेली दोरी म्हणजे गाडीची मध्यरेषा, आणि तीच पुढे वाढवून तिच्यावर, टेपनं मोजलेल्या अंतरावर, काळ्या-पांढऱ्या चौकटींचा फलक उभा राहतो. फलकाच्या माथ्यावर पाणसळ. मग स्कॅनर जोडायचा, आणि कॅमेऱ्याला सांगायचं: हा फलक बरोबर समोर आहे, बरोबर इतक्या उंचीवर आहे, आता तुला तो कुठे दिसतो ते बघ आणि जो फरक येईल तो तुझा.

चिऱ्याची भिंत रचणारा मालवणचा गवंडी हे पाहून म्हणेल, यात काय नवं. ओळंबा, दोरी, पाणसळ, सगळं त्याच्याही पिशवीत आहे. आणि त्याला एक युक्ती ठाऊक आहे जिच्यावर नैयायिकांनी खूश व्हायला हरकत नव्हती. पाणसळच खोटी असेल तर? तो दुसरी पाणसळ आणायला जात नाही. तीच उचलतो, टोकाचं टोक फिरवून त्याच जागी ठेवतो. बुडबुडा आधी जिकडे होता तिकडेच, जमिनीच्या त्याच दिशेला राहिला तर चूक भिंतीत. पाणसळीबरोबर तोही बाजू बदलून गेला तर चूक पाणसळीत. साधनाला स्वतःविरुद्ध साक्ष देता येते, फक्त कुणीतरी त्याला उलटं करून ठेवावं लागतं. परतःप्रामाण्यातलं ‘पर’ म्हणजे दुसरं यंत्रच असायला हवं असं नाही. तेच यंत्र आणि त्याला फिरवणारा एक हात, एवढ्यावर भागतं.

फलक टेपनं मोजला, टेप कशानं? टेपमागे वैधमापनशास्त्राचा शिक्का, त्यामागे दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, तिच्यामागे १९८३ पासून प्रकाशाच्या वेगावर बांधलेली मीटरची व्याख्या. तर्कशास्त्रात याला अनवस्था म्हणतात, मागे मागे जात राहणं. कुमारिलानं यावर व्यवहारी तोड काढली होती: तीन-चार पडताळे झाले की पुरे, त्यापुढे शंकेला कारण लागतं. मिस्त्रीही तेवढ्यावरच थांबतो. फरशी, हवा, ओळंबा, पाणसळ. चौथ्याच्या पुढे तो जात नाही आणि एकही गाळत नाही. निदान गाळू नये.

कधी पहिल्या खेपेला जमत नाही. स्कॅनरच्या पडद्यावर ‘कॅलिब्रेशन फेल’ येतं. मालक बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत घड्याळ बघतोय. संध्याकाळच्या आत तारकर्लीला पोचायचंय, खोली बुक आहे. मिस्त्री फलक पुन्हा मोजतो. बरोबर आहे. दोरी बघतो. बरोबर. काचेला आतून फडकं मारतो. मग गाडीला एक फेरी घालतो, मागच्या उजव्या चाकापाशी थांबतो, गुडघा टेकून वाकतो आणि टायरच्या व्हॉल्व्हला गेज लावतो.